मुरमावरची चार अंडी

"ओ ताई, तिकडनं नका जाऊ. तिकडं बाळंतीण हाय."

एप्रिलची १८ तारीख. सकाळचे साडेसहा वाजले असतील. खारघरच्या डोंगराकडच्या टोकाला, आमच्या सोसायटीच्या मागे, एक मोठा रिकामा प्लॉट आहे. त्याचं पत्र्याचं कुंपण एका कोपऱ्यात वाकलंय, तिथून आत शिरून पलीकडच्या नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, ही माझी रोजची वाट. पत्र्याच्या खोलीबाहेर चूल पेटवत बसलेल्या रखवालदारांनी हटकलं, तेव्हा मला वाटलं, कुत्री व्यायली असेल. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी चुलीतलं लाकूड सारखं केलं, हात झटकले आणि हनुवटी उडवून समोरची जागा दाखवली. बोट दाखवलं नाही. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवू नये, सडते, असं माझी आजी म्हणायची. ते मला तिथे, त्या पत्र्याच्या खोलीसमोर, कित्येक वर्षांनी आठवलं.

मला काही दिसेना. मुरूम, खडी, फुटक्या लाद्यांचे तुकडे, वाळून गेलेलं गवत. मग चाळीसेक पावलांवर एक टिटवी दिसली. ती तुरुतुरु चालत बाजूला निघाली होती. बरीच लांब गेली, तिथे उभी राहिली आणि मग तिने ओरडायला सुरुवात केली.

"ती आधी उडत न्हाई," रखवालदार मामा म्हणाले. "गुपचूप पळती. लांब जाऊन मग वरडती. म्हंजे आपल्याला वाटावं, जे काय हाय ते तिथंच हाय."

पक्षी बघायला लागून मला दहा-अकरा वर्षं झाली. टिटवी तर रोजची. तिच्या त्या पहिल्या मुकाट चालण्याकडे मी कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. मी तिचा आवाज ऐकून तिच्याकडे बघायचे, म्हणजे तिला हवं होतं तिथेच बघत होते.

मामा जालना जिल्ह्यातले. गावी चार एकर कोरडवाहू. पाऊस बरा झाला की कापूस, सोयाबीन, नाही झाला की ही असली रखवाली. बायको गावीच. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं आणि जवळजवळ दोन महिने ते एकाच विषयावर चाललं.

सुदैवाने आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जिन्याला एक खिडकी आहे आणि ती नेमकी त्या प्लॉटवर उघडते. तिथून दुर्बीण लावली की माझं असणं टिटवीच्या खिजगणतीतही नसायचं. तरी पहिल्या दिवशी अंडी सापडायला दहा मिनिटं लागली. ती येऊन बसली म्हणून जागा कळली. ती उठली की जागा पुन्हा हरवायची. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. मुरमात वाटीएवढा खोलगट खळगा, कडेने हरभऱ्याएवढे खडे. त्या दिवशी दोन अंडी होती, २१ तारखेला चार झाली. मातकट पिवळसर रंग, त्यावर काळपट शाई शिंपडल्यासारखे डाग. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत, मध्यावर एकमेकांना टेकलेली, पानात गोल मांडलेल्या करंज्यांसारखी. अशी मांडली की कमी जागेत बसतात आणि पोटाखाली चारही येतात. टिटवी उठताना एखादं अंडं फिरलं, तर परत येऊन चोचीने ते पुन्हा तसंच लावायची.

"चार घातलीत? मग चार म्हैने पाऊस," मामा म्हणाले आणि हिशेब मिटल्यासारखे चुलीकडे वळले.

मी त्या अंड्यांजवळ गेले नाही. एकदाही नाही. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझं माहेर ठाण्याचं, वर्तकनगरचं. येऊरचा डोंगर आमच्या गच्चीतून दिसायचा, उपवन तलाव पायी जाण्याएवढा जवळ. नऊ वर्षांपूर्वी आईच्या गॅलरीत जुईच्या वेलात लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं. मी तेव्हा नवीनच दुर्बीण घेतली होती, हौस मोठी. खारघरहून सुट्टी काढून ठाण्याला गेले. काड्या, मुळं, कोळ्याची जाळी आणि कुठल्याशा सिमेंटच्या गोणीचा एक पांढरा धागा, अशी ती विणलेली वाटी होती. तीन अंडी, गुलाबीसर पांढरी, वर तांबडे ठिपके. बारा-तेरा दिवसांत पिल्लं निघाली. आंधळी, उघडी, कातडीतून आतलं सगळं दिसणारी. आणि मी दिवसातून पाच-सहा वेळा गॅलरीचं दार उघडून, दोन फांद्या बाजूला करून, मोबाइल आत घालून त्यांचे फोटो काढत होते. बुलबुल समोरच्या तारेवर बसून कलकलाट करायचे. तो मला त्यांचा स्वभाव वाटायचा.

समोरच्या पर्जन्यवृक्षावर कावळ्याचं घरटं होतं. कावळा माझ्याकडे बघत होता. मी काय बघतेय हे तो बघत होता. चौथ्या दिवशी दुपारी मी दार लावून आत आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात बाहेर बुलबुलांचा आवाज बदलला. धावत गेले. मी बाजूला केलेल्या त्याच दोन फांद्यांच्या मधून कावळा आत शिरला होता.

आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिचं वागणं मात्र मी विसरू शकत नाही. ते घरटं बांधलं जात होतं तेव्हापासून तिने गॅलरीत कपडे वाळत घालणं बंद केलं होतं, ओले कपडे आत पंख्याखाली दोरीवर. झाडांना पाणी घालायचं तेही भर दुपारी, बुलबुल लांब गेलेले असताना, जुईच्या वेलाकडे पाठ करून. तिच्याकडे दुर्बीण नव्हती, पक्ष्यांचं पुस्तक नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत सारखं डोकावू नये एवढं तिला माहीत होतं.

पुढचं आणखी एक सांगते. जूनमध्ये मी पुन्हा गेले, तेव्हा तो कावळा आणि त्याची जोडीदारीण एका भलत्याच पिल्लाला भरवत होती. काळपट अंगावर फिकट ठिपके, चोच सतत वासलेली. कोकिळेचं पिल्लू. माझ्यामुळे गेलेली ती तीन पिल्लं कावळ्याने ज्या घरट्यात नेली, त्यात हेच वाढत होतं की आणखी कुणी, मला सांगता येणार नाही. कावळ्यावरचा राग तेव्हा माझ्या मनातून उतरला. स्वतःवरचा नाही उतरला.

म्हणून खिडकी.

मी एक वही केली. टिटवीची अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात. २१ एप्रिल धरला तर मेच्या १९-२० च्या आसपास. वहीच्या पहिल्या पानावर मी तारखा लिहिल्या आणि रोज एकेक खोडत गेले. कामाला बेलापूरला जायच्या आधी अर्धा तास आणि आल्यावर उजेड असेपर्यंत, रविवारी दुपारीही.

दुपारचा पहारा सगळ्यात कठीण असतो, हे तेव्हा कळलं. मी समजत होते की अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं. एप्रिल-मेच्या उघड्या मुरमावर ऊब द्यायची गरजच नसते. अंडी उकडू नयेत म्हणून धडपड असते. बाराच्या पुढे टिटवी अंड्यांवर बसायची नाही, उभी राहायची. पंख थोडे फाकलेले, चोच उघडी, गळ्याची कातडी धापेने हलतेय, आणि स्वतःच्या सावलीत चार अंडी. सूर्य सरकेल तशी तीही सरकायची. मग नाल्याकडून दुसरी यायची. नर कोणता, मादी कोणती, मला ओळखता येत नव्हतं, दोघं आळीपाळीने बसतात. येणाऱ्या टिटवीचं पोट ओलं असायचं. नाल्यात जे काही उरलंसुरलं पाणी होतं त्यात ती पोटापर्यंत बसून, पिसं भिजवून यायची आणि तशीच अंड्यांवर टेकायची. पिसांमधून पाणी अंड्यांवर. एका दुपारी मी मोजलं, तीन तासांत अशा सात खेपा झाल्या. मे महिन्यात नाला आटत आला तेव्हा मामांनी खोलीमागे, प्लॉटच्या दुसऱ्या अंगाला, एक जुनं घमेलं पाण्याने भरून मातीत अर्धं पुरून ठेवलं. टिटव्यांनी दोन दिवस त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी एक त्यात बसली. मामा मला ते सांगायला संध्याकाळी कुंपणापाशी वाट बघत उभे होते.

आणखी एक गोष्ट त्या खिडकीतून समजली. प्रत्येक शत्रूशी टिटवी वेगळं वागते. माणूस दिसला की लांबूनच उठायचं, चालत दूर जायचं, मग कोलाहल. कुत्रा आला की दोघी मिळून वरून सूर मारायच्या, त्याच्या कानाला घासून जायच्या, तो पळेपर्यंत. पण गावातल्या म्हशी चरत चरत त्या प्लॉटमध्ये शिरल्या, तेव्हा टिटवी उठलीच नाही. म्हैस अंडं खात नाही, तिचा पाय पडतो. म्हैस तीन-चार हातांवर आली तेव्हा टिटवी अंड्यांवर उभी राहिली, दोन्ही पंख पूर्ण उघडले, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक फलकच झाला तिचा, आणि म्हशीच्या तोंडावर किंचाळली. एवढी मोठी म्हैस बिचकली आणि वळली. मी जिन्यात एकटीच होते. माझ्या हाताला कंप सुटला होता.

आजी आम्हाला टिटवीची गोष्ट सांगायची. समुद्राने तिची अंडी नेली, म्हणून तिने चोचीने समुद्र उपसायला घेतला. 'टिटवी देखील समुद्र आटविते' ही म्हण त्यातूनच आलेली. लहानपणी ती गोष्ट जिद्दीची वाटायची. आता वाटतं, ज्याने ती पहिल्यांदा सांगितली, त्याने टिटवीला म्हशीसमोर उभं राहिलेलं पाहिलं असणार.

ह्या शहराचा बराच भाग भातशेती, मिठागरं आणि खाजणावर भराव टाकून उभा राहिलाय. प्लॉट भरताना मुरूम टाकतात, खडी टाकतात, वर्षा-दोन वर्षांनी त्यावर विरळ गवत येतं. टिटवीला हवी असते अगदी तशीच जमीन, उघडी, खडेरी, चहूकडे नजर जाईल अशी. म्हणजे इमारत उभी राहण्याच्या आधीची जी दोन-चार वर्षं असतात, त्यात ती येऊन अंडी घालते. तिला पाटी वाचता येत नाही.

आमच्याकडे बाहेरचे लोक पक्षी बघायला येतात ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला. ठाणे खाडीतलं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची 'रामसर' पाणथळही झाली, आणि 'फ्लेमिंगो सिटी' हे नाव आता इथे भिंतींवर रंगवलेलं आहे. रोहित मलाही फार आवडतात. ऐरोलीला, नेरुळच्या तळ्यावर, मी त्यांच्यासाठी कितीतरी पहाटे घालवल्या आहेत. पण ते इथे येतात खायला. त्यांची घरटी कच्छच्या रणात असतात. इथे दिसतात ती त्यांची राखाडी, अजून गुलाबी न झालेली पिल्लं उडत आलेली असतात. ज्यांचं बाळंतपण ह्या शहरात होतं ते पक्षी वेगळे आणि त्यांच्यासाठी कुणी भिंत रंगवलेली नाही. सुगरण आहे, शिंपी आहे, तळ्याच्या कडेची टिबुकली आहे, चिखलातला शेकाट्या आहे, आणि ही.

घरट्यापाशी गर्दी झाली की काय होतं तेही मी पाहिलंय. येऊरला एका जुन्या झाडाच्या ढोलीत राखी धनेशाचं घरटं होतं, आठेक वर्षांपूर्वी. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीने तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात. अंडी, पिल्लं आणि ती स्वतः, सगळी मदार एकट्या नरावर. वड-उंबराची फळं, सरडे, किडे, जे मिळेल ते तो गळ्यात साठवून आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. तो सहज मेला तर आतलं सगळं कुटुंब उपाशी मरू शकतं. त्या झाडाखाली रविवारी सकाळी मोठ्या लेन्सवाले अकरा जण उभे होते आणि बारावी मी. साडेसात ते साडेनऊ नर आला नाही. समोरच्या झाडावर पानांआड त्याचं डोकं मला दोनदा दिसलं, चोचीत उंबर धरलेलं. दहाच्या सुमारास ऊन चढलं, लोक गेले. मी वाटेच्या वळणापर्यंत मागे सरकले, तर पाऊण तासात तो तीनदा येऊन गेला. फटीतून बाहेर आलेल्या त्या पिवळट चोचीची उघडझाप मी लांबूनच पाहिली. दोन तास आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं ताट अडवून ठेवलं होतं. त्या दिवसानंतर मी कोणत्याही घरट्याची जागा कुणाला कळवत नाही. जवळच्या मित्रमैत्रिणींनाही नाही. त्यावरून दोघी-तिघी माझ्यावर रागावल्या आहेत. असू दे.

मेच्या ९ तारखेला संध्याकाळी कुंपणापाशी मामा उभे होते, चेहरा उतरलेला. पावसाच्या आत प्लॉट सपाट करायचा, राडारोडा एका कडेला लोटायचा असं ठरलं होतं. दोन दिवसांनी जेसीबी येणार होता. माझ्या वहीत अजून दहा-अकरा तारखा खोडायच्या राहिल्या होत्या.

मी रजा टाकली. सुपरवायझर आला तेव्हा मी तयारीनिशी गेले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही येतं, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. उन्हात उभा होता, फोन सारखा वाजत होता, त्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. "मॅडम, मशीनचं भाडं तासावर आहे," एवढंच म्हणाला. मी मोडक्या आवाजात पुन्हा तेच सांगू लागले.

तेव्हा मामा मधे पडले. सुपरवायझरशी नाही, ते जेसीबी चालवणाऱ्या पोराकडे बघून बोलले. "टिटवीची चार अंडी हायेत बाबा."

पोरगं पंचविशीचं असेल, कानात बाळी, बीडकडचं निघालं. "चार?" त्याने विचारलं. "खालीच हायेत का उंचवट्यावर?"

"उंचवट्यावर."

"मग लई पाऊस," पोरगं म्हणालं आणि मशीन बंद करून खाली उतरलं. "दाखवा कुठं हायेत. तेवढी जागा सोडतो. आमच्यात पेरतानासुद्धा सोडत्यात."

सुपरवायझरने घड्याळात पाहिलं आणि मान हलवली.

ह्या प्रसंगाचा मी फार विचार केलाय. अंड्यांच्या संख्येवरून पाऊस सांगता येतो असं मी मानत नाही. टिटवी सहसा चारच अंडी घालते, दुष्काळाच्या सालीही. पण माझ्याकडे कायदा होता आणि त्या दोघांकडे त्या अंड्यांशी नातं होतं. त्यांच्या घरचं वर्षभराचं धान्य त्या चार अंड्यांत कुठेतरी होतं. शेतात दिसलेल्या अंड्यांभोवती औत वळवून नेणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी टिटवीला सांभाळलंय, आणि त्या पिढ्यांतला एक मुलगा आता नवी मुंबईत जेसीबी चालवतो म्हणून हे घरटं राहिलं.

दोन दिवस काम चाललं. साधारण दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढा तुकडा त्याने सोडला. खुणेला झेंडा-बिंडा काही लावला नाही, मीच नको म्हटलं, कावळ्यांनाही खूण कळते. पिवळं मशीन जवळ आलं की टिटवी म्हशीसमोर उभी राहायची तशीच उभी राहायची. पंख उघडून. ते पोरगं दरवेळी तिथे मशीनचा वेग कमी करायचं. मला वरून फक्त त्याचा हात दिसायचा, गिअरवरून उचललेला, हवेत थांबलेला.

ह्याच दिवसांत आमच्या सोसायटीतल्या एक आजी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. रात्री टिटवी ओरडते, ते चांगलं नसतं, कुणाचं तरी काहीतरी होतं. मी त्यांना हाताला धरून जिन्याच्या खिडकीशी नेलं. संध्याकाळ होती, टिटवी अंडी फिरवत होती. आजींना दुर्बिणीत आधी काही दिसेना, मग दिसलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. "रात्री कुत्री येत असतील गं," शेवटी म्हणाल्या. "मग ओरडेल नाही तर काय करेल."

२० मे. सकाळी सहाला एका अंड्याला भोक दिसलं. ऑफिसला कळवून टाकलं की येत नाही. नवाच्या सुमारास टिटवी पोटाखालून काहीतरी उचलून पळत सुटली. कवचाचा अर्धा तुकडा. बाहेरून तो मुरमात मिसळून जातो, आतून मात्र पांढराशुभ्र, लांबून चमकणारा. तो तिने वीसेक पावलांवर नेऊन टाकला आणि पळत परत आली. अकरापर्यंत तिच्या पंखाखालून दोन ओली डोकी बाहेर येत-जात होती. संध्याकाळपर्यंत तीन.

बुलबुलाची पिल्लं मी पाहिली होती, म्हणून हे जास्तच नवल वाटलं. ही पिल्लं डोळे उघडे ठेवूनच आली. अंगावर सगळी लव, आणि वाळल्याबरोबर चालायला लागली. टिटवी त्यांना भरवत नाही. पहिल्या दिवसापासून ज्याने त्याने आपलं टिपून खायचं. आईबापांचं काम नजर ठेवायचं, हाक मारायचं, ऊन-थंडीत पोटाखाली घ्यायचं.

२१ च्या सकाळी खळगा रिकामा होता. चौथं अंडं तसंच पडलेलं. दोन दिवस कुणी त्याच्याकडे परतलं नाही, तेव्हा मामांनी ते उचलून बाभळीखाली पुरलं. "तीन म्हैने पडंल मग," मी म्हटलं. ते हसले नाहीत. "चार घातली हुती," म्हणाले. "घातलेली धरायची."

त्या पिल्लांपैकी एक मी जवळून पाहिलं, आणि ते ठरवून नाही. २३ मेला नाल्याकडच्या वाटेवर होते, टिटव्या माझ्या मते फार लांब, राडारोड्याच्या ढिगापलीकडे होत्या. एकदम डोक्यावर ओरडा झाला. मी उचललेलं पाऊल टाकणार तेवढ्यात मला एका खड्याला डोळा दिसला. लिंबाएवढं अंग, काडीसारखे पाय पोटाखाली दुमडलेले, मान जमिनीला चिकटवलेली. मानेवर पांढरा पट्टा असतो तो मान आखडल्यामुळे दिसत नव्हता. पाठीवरची लव मुरमाच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची. ते माझ्याकडे बघत होतं आणि पापणी हलवत नव्हतं. एक काळी मुंगी त्याच्या पाठीवर चढली, डोक्यावरून उतरून चोचीजवळून गेली, तरी नाही. फक्त पाठीची लव एका जागी भराभर वरखाली होत होती. खाली त्याचं काळीज असणार.

मोबाइल खिशात होता. मी एका पायावर उभी राहिले, उचललेला पाय मागे नेला आणि माझ्याच आधीच्या ठशांमध्ये पावलं टाकत सात-आठ पावलं मागे गेले. टिटवी गप्प झाली, मग वेगळा, बारीक आवाज काढला. खडा उठला, दोन काड्यांवर उभा राहिला आणि धावला.

त्यानंतर मोजदाद घटत गेली. २६ ला दोन. एक कुठे गेलं कळलं नाही. घारी आहेत, मुंगूस आहे, कुत्री आहेत. ६ जूनच्या रात्री पहिला जोराचा पाऊस झाला, नाला एका रात्रीत भरला आणि सकाळी एकच दिसलं. मी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही, नुसती तारीख खोडली. मामांनाही त्याच आठवड्यात गावी जायचं होतं, पेरणीला. रखवालीला त्यांचा पुतण्या आला. निघताना त्यांनी मला घमेलं दाखवलं, पावसाच्या पाण्याने भरलेलं, आणि म्हणाले, "आता ह्याचं काम न्हाई." तरी ते उचललं नाही, तसंच ठेवून गेले.

उरलेलं पिल्लू मोठं होत गेलं. आठवड्यागणिक पाय लांब, लव झडून पिसं, डोळ्याजवळ फिकट लाल रेघ. एक टिटवी कायम त्याच्या पन्नास पावलांत. पावसात ते तिच्या पोटाखाली मावेनासं झालं, तरी घुसायचं. बाहेर नुसते दोन जास्तीचे पाय दिसायचे.

२९ जूनला सकाळी तासभर उघडीप होती. रस्त्यावरून एक टँकर गेला, टिटव्या उडाल्या, आणि त्यांच्या मागे तेही उडालं. आधी पंख नुसते आपटल्यासारखे, मग नीट. नाला ओलांडून पलीकडच्या रस्त्याच्या दिव्यापर्यंत गेलं, वळलं, आणि गवतात उतरताना थोडं धडपडलं.

मी रात्री मामांना फोन लावला. "मामा, एक उडालं आज."

"उडालं?" पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. "मोठं झालं म्हणायचं. तिकडं पडतोय का?"

"चार दिवस झाले, थांबतच नाही. सकाळी तेवढा तासभर उघडला."

"इकडं अजून न्हाई ताई. पेरून बसलोय." मग म्हणाले, "अंडी चारच हुती ना?"

"चारच होती."

"मंग येईल."

बाहेर पुन्हा धो धो सुरू झाला होता. बोलता बोलता मी उठले आणि खिडकी लावून घेतली. त्यांना फोनमधून तो आवाज ऐकू जाऊ नये असं वाटलं.